लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर व बॉम्बार्डिए यांचा हिमशकट

१

प्रस्तुत लेखाचें शीर्षक वाचून आमच्या त्रैमासिकाच्या नेहमींच्या वाचकांस किंचित् आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, वंशावळी आणि पोथ्या यांच्या चर्चेंत नांगराचें व बर्फावर चालणाऱ्या गाडीचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. तथापि हा विषय इतिहासाच्या कक्षेंतीलच आहे, आणि त्याचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत, अशी आमची खात्री झाल्यामुळें हें टिपण विद्वज्जनांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहों.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास ऋतुमानाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, आणि मृगाचा पाऊस लागला म्हणजे छावणी करून राहत. नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांचे कारभारी भास्करराम यांनीं इ. स. १७४२ त बंगालवर स्वारी केली, तेव्हां पावसाळ्यांत त्यांचा तळ भागीरथीच्या कांठीं काटवा येथें पडला होता. तलवार कितीहि तिखट असली तरी चिखलापुढें तिचें चालत नाहीं. आमच्या नागपूर-वर्धेकडील आणि वऱ्हाडांतील काळी भूमि ज्यांनीं आषाढांत पाहिली आहे, त्यांस हें पटेल. गाडीचें चाक तुंब्यापर्यंत रुततें. बैल गुडघे टेकतो. आणि दोन कोसांवरचें गांव परदेशासारखें दूर होतें. इ. स. १८६७ त आगगाडी नागपुरास आली खरी. परंतु स्टेशन सोडून शेताच्या वाटेस लागलें म्हणजे राज्य पुन्हां काळ्या मातीचेंच असे. हीच माती चैत्र-वैशाखांत अशी फांटते कीं भेगेंत हात जावा, आणि ढेकूळ असें कठीण होतें कीं त्यावर कुदळ उसळावी.

ज्या देशीं भूमीच मनुष्याची वाट अडविते, तेथील कल्पक पुरुषानें काय करावें, हा प्रश्न आम्हांस कांहीं दिवस छळीत होता. त्याचीं दोन उत्तरें आम्हांस सांपडलीं. एक आपल्या महाराष्ट्रांतील, तें सर्वांच्या ओळखीचें आहे. दुसरें फार दूरच्या हिमप्रदेशांतील. परंतु तें आधीं सांगितलें असतां पहिल्याचें स्वरूप अधिक स्पष्ट होईल, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

२

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाचें एक खेडें आहे. तेथें १६ एप्रिल १९०७ रोजीं जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा जन्म झाला. त्या प्रांतीं हिंवाळ्यांत बर्फ इतकें पडतें कीं मोटारी कित्येक महिने घरांत झांकून ठेवाव्या लागत, आणि लोक पुनः घोड्यांच्या घसरगाड्यांकडे वळत. आपल्याकडे चातुर्मास्यांत जी स्थिति, ती त्यांच्याकडे हेमंत-शिशिरांत, एवढाच काय तो भेद.

इ. स. १९२२ च्या अखेरच्या दिवशीं पंधरा वर्षांच्या या मुलानें आपल्या भावाच्या साहाय्यानें एक विलक्षण वाहन गांवांत चालविलें. घसरगाडीवर फोर्ड मोटारीचें जुनें एंजिन बसविलेलें, आणि मागें विमानासारखा गरगर फिरणारा पंखा! उघड्या पंख्याचें भय वाटून वडिलांनीं तें यंत्र तत्काळ मोडावयास लाविलें. पुढें इ. स. १९२६ त त्यांनीं गांवांतच मोटारदुरुस्तीचा कारखाना घातला. उन्हाळ्यांत गिऱ्हाइकांचीं कामें करावयाचीं आणि हिंवाळ्यांत प्रयोग, असा क्रम चालला.

इ. स. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फानें बंद असल्यामुळें त्यास इस्पितळांत नेतां आलें नाहीं, व तो दगावला. प्रयोग या घटनेच्या आधींपासूनच चालू होते, हें चरित्रलेखकानें विसरूं नये. दुःखांतून एकदम यंत्र निर्माण झालें अशी कथा रचणें सोपें, पण तें सत्य नव्हे. मात्र ज्या कामाकडे छंद म्हणून पाहतां आलें असतें, त्याची निकड किती आहे हें त्या घरास त्या हिंवाळ्यानें शिकविलें, इतकें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

त्यांची मुख्य युक्ति अशी. बर्फांत चाक रुततें, कारण सर्व भार थोड्या जागेवर पडतो. तो भार पसरावयाचा, म्हणून पुढें वळण्यासाठीं लांब पट्ट्या, आणि मागें रबरी पट्ट्यांस पोलादी आडव्या कांबी जोडून केलेली अखंड फिरती सांखळी. ती फिरविणाऱ्या दांतेरी चाकास त्यांनीं रबराचें वेष्टण दिलें, तेणेंकरून बर्फ दांत्यांत गोठून बसेना. या रचनेचें पेटंट त्यांस इ. स. १९३७ त मिळालें. सात माणसें नेणारी गाडी तयार झाली; मग बारा माणसांची झाली; आणि इ. स. १९४२ त रीतसर कंपनी स्थापन झाली. या गाड्यांस आम्ही ‘हिमशकट’ असें नांव देतों. गिऱ्हाइकें कोण, तर डॉक्टर, टपालवाले आणि शाळेंत मुलें पोंचविणारे. म्हणजे ज्यांचें काम बर्फासाठीं थांबतां कामा नये, असे लोक.

पुढें इ. स. १९४८ त क्वेबेक सरकारनें खेड्यांतील रस्त्यांवरचें बर्फ हिंवाळाभर काढण्याचें धोरण स्वीकारलें, आणि ज्या अडचणीवर हा धंदा उभा होता ती अडचणच नाहींशी होऊं लागली. विक्री एकदम घसरली. बॉम्बार्डिए यांनीं सरकारास दोष देत न बसतां तीच सांखळी दलदलींत व जंगलांत चालणाऱ्या ट्रॅक्टरांस लाविली, आणि इ. स. १९५९ त एकदोघांस बसतां येईल असा हलका हिमशकट बाजारांत आणिला. तो जगभर ‘स्की-डू’ या नांवानें प्रसिद्ध झाला. १८ फेब्रुवारी १९६४ रोजीं ते निवर्तले. त्यांचा मूळचा कारखाना व्हॅलकूर येथील संग्रहालयांत जपून ठेविलेला आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिचें प्रयोजन लेखाच्या अंतीं येईल.

३

आतां आपल्याकडे वळूं. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. तेथें असें आढळून आलें कीं त्यांस कांहीं रंगांमधील भेद नीट कळत नाहीं. रंगांचा मार्ग खुंटला. परंतु रेषांचा खुला होता. ते यंत्रांच्या आकृति काढण्याकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले.

त्याच सुमारास त्यांचें लक्ष बायसिकलीकडे गेलें. मुंबईहून त्यांनीं गाड्या पाठवाव्या आणि बेळगांवास वडील बंधु रामूअण्णा यांनीं त्या विकाव्या, शिवाय गिऱ्हाइकास बसावयासहि शिकवावें, अशी व्यवस्था होती. ‘किर्लोस्कर बंधु’ या नांवाचा उगम या पायगाडीच्या दुकानांत आहे, आणि त्याचें वर्ष इ. स. १८८८ असें धरतात. म्हणजे आरंभ चाकापासूनच झाला. पुढें नोकरींत हक्काची बढती हिंदी मनुष्य म्हणून डावलली गेली, तेव्हां लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवास येऊन राहिले. एका छपराखालीं लहानसा कारखाना निघाला. प्रथम कडब्याची कुट्टी करण्याचें यंत्र आणि त्यामागून, इ. स. १९०३ त, लोखंडी नांगर.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लोखंडी नांगर ही लक्ष्मणरावांची मूळ कल्पना नव्हे. विलायतेंत रॅन्सम यांनीं आपोआप धार राहणाऱ्या ओतीव फाळाचें पेटंट इ. स. १८०३ तच घेतलें होतें, आणि परदेशी नांगर हिंदुस्थानांत विकावयास येतहि असत. बॉम्बार्डिए यांनीं न पाहिलेली वस्तु घडविली. किर्लोस्करांनीं पाहिलेली वस्तु आपल्या मातीस, आपल्या बैलास आणि आपल्या ओतशाळेस जुळती करून घेतली. गौरवग्रंथांत हा भेद पुसट होतो. आमच्या मतें तो पुसण्याचें कारण नाहीं, कारण दुसरें काम पहिल्याहून हलकें नव्हे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

४

नांगर हा शब्द संस्कृत लाङ्गल याचा वंशज. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलांत क्षेत्रपतीचें सूक्त आहे, त्यांत नांगर व नांगराचें तास म्हणजे सीता यांची प्रार्थना आहे. कृषिपराशर नामक ग्रंथांत नांगराचीं आठ अंगें गणिलीं आहेत. ईषा म्हणजे आपलें इसाड, युग म्हणजे जूं, फाल म्हणजे फाळ. इतक्या शतकांत राज्यें बदललीं, लिप्या बदलल्या; परंतु शेतकऱ्याच्या औताचीं नांवें जवळजवळ तींच राहिलीं. वस्तूचें स्वरूपहि फारसें बदललें नाहीं, आणि तसें होण्यास कारण होतें. बाभळीचें खोड सुतारानें तासावें, लोहारानें फाळ बसवावा, आणि त्याबद्दल दोघांनीं खळ्यावर बलुतें न्यावें. नांगर ही विकत घेण्याची वस्तु नव्हती. ती गांवाच्या व्यवस्थेचा एक भाग होती.

देशी नांगर माती फोडतो, ती पालथी घालीत नाहीं. लोखंडी नांगरास फाळाच्या वर एक वळलेलें पातें असतें. तें कापलेला मातीचा पट्टा उलथून टाकतें. मग हराळीच्या मुळ्या वर येऊन वैशाखाच्या उन्हांत करपतात, आणि खालची माती वारा खाते. आमच्या नागपूर-वऱ्हाडाकडे याचें महत्त्व विशेष. येथें मुख्य औत वखर, नांगर नव्हे. वखराच्या पाशीनें वरचा थर उकरला म्हणजे बहुतेक वर्षीं भागे. परंतु कांस आणि कुंदा यांनीं शेत व्यापलें म्हणजे वखर हरे, आणि नांगर धरावा लागे. देशी नांगरानें कुंद्याची मुळी तुटते, निघत नाहीं. आणि तुटलेल्या मुळीस दुप्पट फूट येते, हें कोणत्याहि वृद्ध शेतकऱ्यास विचारावें.

असें असतां किर्लोस्करांचे पहिले नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीस विष चढतें, असा शेतकऱ्यांचा समज होता म्हणून सांगतात, आणि सांगणारे बहुधा हंसून सांगतात. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. देशी नांगराचा फाळहि लोखंडाचाच असतो, ही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक नव्हती काय? तेव्हां विषाच्या शब्दाआड दुसरेंच भय असावें, असें आमचें अनुमान आहे. लांकडी नांगर मोडला तर सुतार गांवांत होता. लोखंडी मोडला तर भाग कोठून आणावा, आणि रोख पैसा कोठून द्यावा? शिवाय खोल चालणाऱ्या या नांगरास काळ्या जमिनींत दोन-तीन जोड्या लागत. ज्याच्या दावणीस एकच जोडी, त्यानें काय करावें? विष नांगरांत नव्हतें. तें कर्जांत होतें, आणि शेतकरी तें ओळखून होता.

म्हणून नांगर घडविणें हें लक्ष्मणरावांचें अर्धें काम होतें. झिजलेला फाळ तेवढाच काढून नवा बसवावा, त्यासाठीं सुटे भाग मिळत राहावे, आणि विकलेल्या नांगराची जबाबदारी विकणारानें सोडूं नये, ही व्यवस्था उभी करणें हें उरलेलें अर्धें. बलुतेदाराच्या जागीं कारखाना येणार असेल, तर बलुतेदाराचा भरंवसाहि कारखान्यानें दिला पाहिजे. तो मिळाला तेव्हां नांगर खपूं लागला.

५

इ. स. १९१० मध्यें नव्या वस्तीच्या योजनेसाठीं बेळगांवची कारखान्याची जागा सोडावी लागली. औंध संस्थानाचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा लक्ष्मणरावांशीं पूर्वींचा परिचय होता. त्यांनीं आपल्या संस्थानांतील कुंडल गांवाजवळ ३२ एकर माळ दिला व द्रव्यसाहाय्यहि केलें. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीच्या स्थापनेचा दिवस मानतात. माळावर निवडुंग माजलेलें, सर्पांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. जवळ काय तें कुंडल रोडचें रेल्वे स्टेशन. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशा मंडळींसह लक्ष्मणराव तेथें राहावयास गेले. शिवाशीव त्या वस्तींत पाळावयाची नाहीं, असा त्यांचा दंडक होता. त्या काळीं तो नांगराहूनहि पचण्यास जड होता.

पुढें पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि परदेशांतून येणारें लोखंड दुर्मिळ झालें. भट्टी थंड पडण्याची वेळ आली. त्या प्रसंगीं कोल्हापूरचे छत्रपति शाहू महाराज यांनीं संस्थानांतील किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा नांगरांसाठीं दिल्या, आणि त्या वितळवून त्यांचे नांगर ओतले गेले.

हें वाक्य लिहितांना आमचा हात क्षणभर थांबला, हें कबूल केलें पाहिजे. आम्हां जुन्या वस्तूंच्या नादी लोकांस तोफ म्हणजे काय वाटतें, हें वाचक जाणतातच. तोफेच्या अंगावर पुष्कळदां अक्षरें असतात. ओतणाराचें नांव, वजन, साल, क्वचित् एखाद्या देवतेचें नांव. तोफ वितळली म्हणजे तो एक शिलालेखच वितळला. परंतु दुसरी बाजू तितकीच खरी आहे. किल्ल्यावर गंजत पडलेल्या लोखंडानें कुणब्याचें शेत उलथलें, यापरतें त्या लोखंडाचें सार्थक कोणतें? शाहू महाराजांनीं केलें तें योग्यच केलें, असा निर्णय आम्हीं आपल्या मनाशीं केला आहे. आमचें मागणें इतकेंच कीं तोफ भट्टींत जाण्यापूर्वीं तिच्या अक्षरांचा कागदावर ठसा घेतलेला असावा. ठसा घेण्यास एक घटका लागते. तेवढ्यानें शेताचें कांहीं अडत नाहीं, आणि इतिहासाचें मोठें काम होतें.

युद्धानंतर, १५ जानेवारी १९२० रोजीं, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र काढलें. पुढें तेंच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून महाराष्ट्राच्या घरोघरीं गेलें. बखर हा शब्द ‘खबर’ याच्या वर्णविपर्ययानें झाला, असें एक मत प्रसिद्ध आहे. तें ग्राह्य असो वा नसो. या एका माळावरून आपल्या प्रांताच्या वखराचें काम हलकें करणारा नांगर आला, आणि त्याची खबरहि आली, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं वारले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, इ. स. १९६९ त, भारताच्या टपालखात्यानें त्यांच्या चित्राचें तिकीट काढलें.

६

आतां ज्याकरितां हा लेख लिहिला तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं वर्धेकडील एका खेड्यांत जुन्या पोथ्या आहेत असें ऐकून आम्ही गेलों होतों. मालकांनीं माळ्यावरचे रुमाल खालीं काढले. आम्हीं भागवताच्या दशमस्कंधाची एक बरी प्रत निवडून घेतली. त्याच वेळीं अंगणांत भंगारवाला कांटा लावून बसला होता, आणि त्याच्या कांट्यावर एक जुना लोखंडी नांगर चढविलेला होता. त्यावर उंचवट्याचीं ओतीव अक्षरें होतीं. शेजारीं त्या घराच्या दोन-तीन पिढ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या रद्दीच्या भावानें जाण्यासाठीं बांधून ठेविल्या होत्या. आम्हीं जरा थबकून पाहिलें. तेव्हां मालक म्हणाले, “लोखंडच होय जी गुरुजी, त्याले काय पाहता!” आम्हांसहि तसेंच वाटलें. पोथी बगलेंत घेऊन आम्ही परतलों.

दशमस्कंधाच्या प्रति महाराष्ट्रांत शेंकड्यांनीं सांपडतील. त्या वह्यांत त्या घरानें तो नांगर कोणत्या सालीं घेतला, रोख दिली कीं कर्ज काढलें, फाळ किती वर्षांनीं बदलला, सुताराचें बलुतें पुढें चालू राहिलें कीं बंद झालें, हें सर्व असण्याचा संभव होता. आणि ती वही जगांत एकच होती. वर आम्हीं विषाच्या समजुतीविषयीं जें अनुमान केलें, तें सिद्ध अथवा असिद्ध करण्याचें साधन आमच्या समोरून कांट्यावर गेलें. तोफांचा ठसा कां घेतला नाहीं, असें दुसऱ्यास विचारण्याचा अधिकार आम्हीं त्या दिवशीं गमावला.

व्हॅलकूरच्या लोकांनीं एका मोटारदुरुस्तीच्या छपरास इतिहासाचें साधन मानिलें. तेथें राजा राहत नव्हता, लढाई झाली नव्हती; एका मनुष्यानें बर्फांत अडलेल्या शेजाऱ्यांसाठीं वाट काढली, इतकेंच तेथें घडलें. कर्त्या पुरुषाचें चरित्र त्याच्या भूमीवांचून व त्याच्या गिऱ्हाइकावांचून लिहितां येत नाहीं. किर्लोस्करांचें नांव लोपणार नाहीं. त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्यानें दोन वर्षें नकार दिला आणि मग एके दिवशीं होकार दिला, त्या शेतकऱ्याची बाजू केवळ अशा वह्यांतच असूं शकते.

सबब आमची संग्राहक बंधूंस विनंति आहे. पोथ्यांच्या शोधार्थ वाड्यांत शिरतांना अंगणाकडेहि एकदां पाहावें. नांगर, वखर, तिफण यांवर अक्षरें असल्यास त्यांचा ठसा घ्यावा अथवा छायाचित्र काढावें. कारखान्यांचीं जुनीं सूचिपत्रें, ‘खबर’चे सुटे अंक, पावत्या आणि घरगुती जमाखर्चाच्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. ज्या वृद्धांनीं लोखंडी नांगर प्रथम शेतांत चाललेला पाहिला, त्यांच्याकडून ऐकलेलें ज्यांस ठाऊक आहे, त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. वस्तु ठेवण्यास जागा नसेल तर ती खुशाल भट्टींत जावो. शेतकऱ्यास चार पैसे मिळतील. परंतु आधीं ठसा घ्यावा. आम्हीं तो घेतला नाहीं, म्हणून इतक्या आग्रहानें लिहितों.